केबल काढून धाब्यावर फ्री डिश बसवली : माझा अनुभव

आमच्या घरात टीव्हीसमोर बसणारी माणसं दोनच, माय आणि नाना. बाकीचे आम्ही मोबाईलवाले. मायला संध्याकाळचं कीर्तन आणि एखादा जुना मराठी पिक्चर मिळाला की झालं. नानांना बातम्या, शेतीचा कार्यक्रम आणि क्रिकेट. एवढ्यासाठी केबलचे महिन्याला तीनशेच्या वर जात होते, आणि रिमोट फिरायचा त्याच सात-आठ चॅनलांवर.

एवढे पैसे कशाचे होतात, ते मी एकदा नीट समजून घेतलं. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेची नवी दरपद्धत आली. जोडणीचं भाडं म्हणून जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये आधीच गेले. त्यात मोफत चॅनलं येतात. पैशाची चॅनलं हवी असतील तर त्यांची किंमत वेगळी, आणि त्यावरही जीएसटी. पुढे २०२४ मध्ये १३० ची मर्यादाही उठली, आता ज्याने त्याने आपला दर ठरवायचा. म्हणजे नुसती मोफत चॅनलं बघणारा माणूससुद्धा दर महिन्याला दारात पैसे मोजतो. हे कळल्यावर मला काही स्वस्थ बसवेना.

नानांचं म्हणणं होतं, छपरावर अँटेना लावू. पूर्वी आमच्या गल्लीत प्रत्येक घरावर असायचा, वारा सुटला की कुणीतरी वर चढून फिरवायचा. पण ते दिवस गेले. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जमिनीवरून चालणारे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद केले. अँटेन्यावर चालणारं नवं डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबाद, इंदूर अशा मोजक्या शहरांत सुरू झालं. आमच्या अमळनेर तालुक्यात त्याचा काय उपयोग? अँटेना लावला तर त्यावर कावळेच बसणार. मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन टीव्ही चालवायचा म्हटलं, तर आमचा टीव्ही साधा एलईडी आहे, स्मार्ट नाही. आणि दिवसाचा दीड जीबी दोन म्हाताऱ्यांना दुपारपर्यंतही पुरणार नाही.

राहिली दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली हीच ती सेवा. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं काही नाही. नोंदणी नाही, रिचार्ज नाही, कार्ड नाही. फोन करून कुणी ‘तुमची फ्री डिश चालू ठेवायला एवढे भरा’ म्हणालं, तर तो चोर आहे असं समजून फोन ठेवून द्यायचा.

बॉक्स घ्यायला अमळनेरला गेलो. दुकानदाराने विचारलं, ‘साधा देऊ का एमपेग-फोर?’ हा फरक आधी माहीत असलेला बरा. एमपेग म्हणजे चित्र आटोपशीर करून पाठवायची पद्धत. साधा म्हणजे जुनी एमपेग-टू, तो दोन-तीनशेने स्वस्त असतो, पण फ्री डिशवरची काही चॅनलं नव्या पद्धतीने येतात आणि ती त्यावर दिसतच नाहीत. एमपेग-फोर दोन्ही पकडतो. मी एमपेग-फोरच घेतला. अलीकडे काही नव्या टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो, त्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये मानकही काढलंय. तुमचा टीव्ही तसा असेल तर बॉक्सही नको, छत्रीची वायर थेट मागे लावायची. घेण्याआधी टीव्हीचं पुस्तक उघडून बघा.

छत्री मात्र मी विकत घेतली नाही. चुलतभावाच्या घरावर एका खासगी कंपनीची छत्री रिचार्ज न करता नुसतीच गंजत होती. छत्री म्हणजे शेवटी पत्र्याची वाटी, ती कोणत्याही कंपनीची चालते. बॉक्स मात्र ज्याचा त्यालाच लागतो. छत्रीच्या तोंडाशी असलेली, सिग्नल पकडणारी डबी, म्हणजे एलएनबी, जुनीही चालली असती कदाचित, पण आमच्याकडच्या वैशाखाने तिची प्लास्टिकची टोपी पार तडकवली होती आणि आत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. नवी घेतली. वायर आरजी-सिक्स, तांब्याची बघून घेतली. बॉक्स, एलएनबी, वायर, पिना, सगळं मिळून दीड हजाराच्या आत बसलं. केबलचे पाच महिने समजा.

आता बसवायचं कुणी? गावातला वायरमन लग्नाच्या मंडपांना लायटिंग करण्यात गुंतलेला. तो म्हणाला, ‘दादा, पंधरा दिवस विचारू नका.’ मग मी आणि पुतण्या, दोघंच लागलो कामाला.

आमचं घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. मातीच्या धाब्याला बोल्ट मारता येत नाही. मारला तर पहिल्या पावसात घरात धार लागते. म्हणून तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात वाळू-सिमेंट भरलं, मधोमध पाईप उभा केला, दोन दिवस पाणी मारलं आणि तो डबा भिंतीच्या वर येईल असा ठेवला, म्हणजे वजन मातीवर नाही, खालच्या भिंतीवर. उन्हाळ्यात आमच्याकडे जी वादळं येतात आणि उभ्या केळीबागा आडव्या करतात, ती बघितलेल्या माणसाला डबा किती जड हवा ते सांगायला नको.

दिशा हे खरं काम. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. आपण पंच्याहत्तरच्या आसपास, म्हणून तो आपल्याला आग्नेयेला दिसतो. आमच्या भागातून मोबाईलच्या कंपासवर साधारण १३७-१३८ अंश, आणि क्षितिजापासून वर ५८ अंशांच्या आसपास. ५८ म्हणजे छत्री जवळजवळ आभाळाकडे तोंड करून असेल असं वाटतं, पण तशी ती नसते. या छत्र्यांची वाटी तिरकी बनवलेली असते, त्यामुळे ती दिसायला बरीच उभी दिसते. कंपास छत्रीच्या लोखंडाजवळ नेला की भरकटतो, म्हणून चार पावलं लांब उभं राहून दिशा धरायची.

त्याहून सोपी खूण गल्लीतच सापडली. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर आहे, आपल्यापासून अवघा दीड अंश. शेजारी ती छत्री असेल तर तिच्या बरोबर समांतर आपली धरायची, मग अगदी किंचित उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे, आणि केसभर वर. आमच्या शेजाऱ्यांची छत्री त्याच कंपनीची निघाली, त्यामुळे अर्धं काम तिथेच झालं.

खाली बॉक्सच्या मेनूत जाऊन उपग्रह जीसॅट-१५ निवडला. काही बॉक्समध्ये त्या जागी जुनं नाव असतं, इन्सॅट-४बी किंवा डीडी डायरेक्ट, चालतं. एलएनबीची फ्रीक्वेन्सी ०९७५०/१०६००, आणि ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरचा सिग्नल पाठवणारा भाग, ११०९० व्ही २९५००. पडद्यावर दोन पट्ट्या येतात, एक स्ट्रेंग्थ आणि एक क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे बघायचंच नाही. वायर नीट जोडलेली असली की छत्री विहिरीकडे तोंड करून ठेवली तरी ती साठ-सत्तर दाखवते. क्वालिटी शून्यावरून उठली, तरच आपण बरोबर उपग्रहाकडे बघतोय.

पुतण्या टीव्हीसमोर, माझी बायको अंगणात, मी धाब्यावर. मी केसभर सरकवायचो आणि आमच्या अहिराणीत ओरडायचो, ‘ऊनं का?’, म्हणजे आलं का? अंगणातून तोच प्रश्न आत जायचा. आतून उत्तर यायचं, ‘ऊनं, ऊनं!’ आणि ते वरपर्यंत पोचेस्तोवर, ‘नही, गयं!’ निम्मी गल्ली जमली. प्रत्येकाला छत्री कुठे फिरवायची ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. शेवटी मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून पट्टी मीच वरून बघायला लागलो, तेव्हा जमलं. मग एलएनबी आपल्या खाचेत जराशी गोल फिरवली, क्वालिटी आणखी वर गेली. ही फिरवाफिरव बरेच जण करत नाहीत, आणि मग ढग आला की चित्राचे चौकोन होतात.

स्कॅन केलं, चॅनलं धडाधड भरली. सह्याद्री, डीडी किसान, बातम्यांची, भक्तीची, भोजपुरी पिक्चरची तर विचारूच नका. मराठी मनोरंजनाची थोडीच. आणि इथे सरळ सांगतो, ज्याला ठराविक वाहिनीवरची ठराविक मालिका रोज रात्री हवी आहे, त्याने फ्री डिशच्या नादी लागू नये. मोठ्या वाहिन्यांची ताजी मालिका इथे येत नाही. माझ्या बायकोची एक मालिका गेली, ती आता मोबाईलवर बघते आणि मला ऐकवतेही. मायला विचारलं तर म्हणाली, ‘माले काय करनं शे तेस्ना भांडणं दखीसन?’

नानांचा प्रश्न एकच होता, ‘यानावर मॅच दखास का?’ दिसते, आणि त्यामागे एक मजा आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसार भारतीलाही द्यावं लागतं. त्यात भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने येतात. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवरून नाही. त्यामुळे महिन्याला पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याकडे डीडी स्पोर्ट्स लावलं तर त्यावर दुसरंच काही, आणि आमच्याकडे त्याच चॅनलवर मॅच. शेजारी चहाच्या वेळी येऊन बसतात. आयपीएल मात्र यात नाही, त्यासाठी नानाच उलट त्यांच्याकडे जातात.

फाल्गुनात बसवलेली छत्री गुढीपाडव्यापर्यंत उत्तम चालली. मग हळूहळू बिनसायला लागलं. काही चॅनलं एका दिवसात गायब, काही अधूनमधून तुटायची. घरात एकच बोलणं, ‘फुकटचं असंच असतं.’ पण मेनू उघडून बघितलं तर ही दोन वेगळी दुखणी होती.

एकाएकी गेलेली चॅनलं ही १ एप्रिलची कमाई. फ्री डिशवर जागा मिळवायला खासगी वाहिन्या प्रसार भारतीच्या लिलावात बोली लावतात आणि नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. कुणी येतं, कुणी जातं, कुणाची जागा बदलते. २०२२ च्या एप्रिलमध्ये तर मोठ्या कंपन्यांनी आपली हिंदी मनोरंजनाची चॅनलं एकदमच काढून घेतली होती, त्यातली काही पुढे परत आली. म्हणून एप्रिल लागला की एकदा नव्याने स्कॅन करायचं. तेवढं केलं आणि मायचं कीर्तनाचं चॅनल दुसऱ्या नंबरवर सापडलं. जे खरंच गेलं होतं, ते गेलंच. यादी आपल्या हातात नाही, हे या फुकटाचं मोल आहे आणि मला ते मान्य आहे.

तुटणारी चॅनलं मात्र स्कॅनने सुधारली नाहीत. सगळ्याच ट्रान्सपाँडरवर क्वालिटी खाली आलेली, म्हणजे वाहिनीचा दोष नाही, आडवं काहीतरी आलंय. धाब्यावर चढलो तर समोर निंब. फाल्गुनात त्याची पानं झडलेली होती, नुसत्या काड्या, त्यांतून सिग्नल आरामात येत होता. चैत्रात नवी पालवी फुटली आणि झुकलेली फांदी बरोबर छत्रीच्या तोंडासमोर हिरवीगार. पहाटे दवाने पानं ओली असली की आणखी वाईट. नाना फांदी तोडू देईनात, त्या सावलीत त्यांची बाज असते. मग डबाच उचलून धाब्याच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेच्या भिंतीवर नेला. सिमेंटच्या डब्याचा हा फायदा, भिंतीत ठोकलेली छत्री अशी हलली नसती. पुन्हा ‘ऊनं का, गयं’ झालं, पण या वेळी लवकर आटपलं. तुम्ही पानगळीत छत्री लावणार असाल, तर आग्नेयेच्या झाडाची पालवी डोळ्यांसमोर आणून मगच जागा धरा.

पावसाळ्यात जोराची सर आली की पाच-दहा मिनिटं चित्र जातं. या लहरींचं पावसाशी जमत नाही, पैसे भरून घेतलेल्या छत्र्यांचंही तेच होतं.

बॉक्सला मागे यूएसबीची जागा आहे, हे बऱ्याच दिवसांनी पुतण्याने शोधलं. पेनड्राइव्ह लावला की चालू कार्यक्रम रेकॉर्ड होतो. माय वेचणीला शेतात गेली की तिचं सकाळचं कीर्तन तो भरून ठेवतो आणि रात्री जेवताना लावून देतो. त्याच पेनड्राइव्हमध्ये त्याने गावातल्या लग्नाचे, वरातीचे व्हिडिओही टाकलेत, ते माय कीर्तनापेक्षा जास्त वेळा बघते. पेनड्राइव्ह चौसष्ट जीबीचा, आणि तो अजून माझ्याकडे त्याचे पैसे मागतोय.