बेकारांनी आणला का हिटलर?

नारायण पेठेतल्या एका क्लासमध्ये मी जगाचा इतिहास शिकवतो. यूपीएससी मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययन पेपर १ मधला हा भाग मुलं शेवटपर्यंत टाळतात. त्या दिवशी तर कुणाचंच लक्ष नव्हतं. दुसऱ्याच एका परीक्षेची तारीख पुढे गेल्याची बातमी दुपारी आली होती आणि संध्याकाळच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांनी तिचा फॉर्म भरला होता. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, गावी फोन करून काय सांगायचं, हीच कुजबुज. आणि माझा विषय नेमका १९२९ ची जागतिक महामंदी आणि हिटलर.

फळ्यावर नाझी पक्षाची मतं लिहिली. मे १९२८ : २.६ टक्के. सप्टेंबर १९३० : १८.३. जुलै १९३२ : ३७.३. नोव्हेंबर १९३२ : ३३.१. कारण विचारलं तर नोट्समधलं उत्तर आलं : मंदी, मग बेकारी, मग हिटलर. मध्ये बाण.

मागच्या बाकावरून बीडकडचा एक मुलगा बोलला. एरवी महिना महिना तोंड न उघडणारा. "म्हणजे बेकारांनी आणला का सर त्याला? बिघडलं की सगळं आमच्याच नावावर."

वर्ग हसला. तो हसला नाही.

मी म्हटलं, बघूया. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाखांवर नोंदणीकृत बेकार होते. पण त्या निवडणुकांचे आकडे ज्यांनी गावोगावचे तपासले, त्यांना दिसलं ते वेगळंच. नोकरी गेलेला कामगार मुख्यतः कम्युनिस्टांकडे गेला. नोव्हेंबर १९३२ मध्ये कम्युनिस्टांच्या संसदेतल्या जागा शंभरापर्यंत पोचल्या त्या उगाच नाहीत. नाझींची भरभक्कम मतं होती छोटे दुकानदार, कारागीर आणि प्रोटेस्टंट भागातल्या शेतकऱ्यांची. उत्तरेकडच्या श्लेस्विग-होलस्टाइन या शेतीच्या मुलखात तर जुलैत निम्म्याहून जास्त मतं त्यांना पडली. तिथे मंदीच्या आधीपासूनच शेतमालाचे भाव कोसळले होते, कर्जं थकली होती आणि जप्तीचे लिलाव उधळले जात होते.

"जप्ती" म्हटल्यावर खोली शांत झाली. लातूरच्या एकाच्या वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. तो म्हणाला, "सर, उधारी थकली की शेतकऱ्याआधी आमचे पप्पा घाबरतात. वर कंपनीचं देणं, खाली गावाची उधारी. ज्याचं सगळं गेलंय तो एका परीनं मोकळा. ज्याचं जाणार आहे त्याला झोप नसते."

इतकं नेमकं मला इतक्या वर्षांत फळ्यावर मांडता आलेलं नाही. मी तेच वाक्य पकडून पुढे गेलो. तेव्हाचा चॅन्सलर, म्हणजे जर्मनीचा पंतप्रधान, ब्रूनिंग याने संसदेला बाजूला ठेवून, राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार केला. ऐन मंदीत सरकारी पगार कापले, बेकारभत्ता कापला, कर वाढवले. गिऱ्हाइकाच्या खिशातच पैसा नाही, तर दुकानात कोण येणार? जे पक्ष अशा वेळी "धीर धरा" म्हणाले ते मार खाऊन गेले. (१९२३ ची भयानक महागाई इथे घुसडायची मुलांना फार हौस. ती संपून साडेचार वर्षं झाल्यावर नाझी २.६ टक्क्यांवर होते, हे विसरतात.)

मग पहिल्या रांगेतल्या सोलापूरच्या मुलीने फळ्याकडे बोट केलं. "सर, शेवटच्या निवडणुकीत मतं घटलीत. मग जानेवारीत चॅन्सलर कसा झाला?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच मी चौथा आकडा लिहितो. जुलैत २३० जागा, नोव्हेंबरात १९६. लाट ओसरायला लागली होती. बहुमत तर त्याला कधीच नव्हतं. ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याची नेमणूक केली, ती माजी चॅन्सलर पापेनसारख्या जुन्या उजव्यांच्या आग्रहावरून. मंत्रिमंडळात नाझी फक्त तीन : हिटलर, फ्रिक, गोअरिंग. बाकी आपली माणसं, लगाम आपल्याच हातात, असा त्यांचा हिशेब. दोन महिन्यांत संसदेने कायदे करण्याचा अधिकारच त्याच्या सरकारला देऊन टाकला, आणि तोही कम्युनिस्ट खासदारांना सभागृहाबाहेर ठेवून.

"म्हणजे मतांनी दारापर्यंत आला, कडी आतल्यांनी काढली," बीडवाला म्हणाला. आता तो पुढच्या बाकावर येऊन बसला होता.

कुणीतरी अमेरिकेचं काढलं. तिथेही १९३२-३३ मध्ये चारांतला साधारण एक बेकार होता, पण निवडून आला रूझवेल्ट. यावर जो वाद पेटला त्यात माझी कुणाला गरज नव्हती. वेळ संपली तरी कुणी उठेना. खालचा चहावाला वर येऊन कप मोजून गेला.

जिन्यात लातूरच्याने गाठलंच. "सर, हे सगळं १५ मार्कांना, अडीचशे शब्दांत कसं बसवायचं?"

म्हटलं, सुरुवात नोव्हेंबरच्या आकड्यापासून कर. बाणवाले सगळे जुलैलाच थांबतात.