डी२००चा कार्ड स्लॉट: वाकलेल्या दोन पिना आणि सहा आठवडे

माझा निकॉन डी२०० कॅमेरा परत चालू झालाय! काल अख्खं कार्ड भरेपर्यंत फोटो काढले, घरी येऊन एकेक फाइल उघडून बघितली, सगळ्या धड आहेत. सहा आठवडे हे प्रकरण चाललं होतं, म्हणून आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवते, कारण सीएफ म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डवाले जुने कॅमेरे आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे अजून आहेत आणि हे कुणाच्याही हातून होऊ शकतं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, निकॉन डी२०० म्हणजे २००५ सालचा, १०.२ मेगापिक्सेलचा, सीसीडी सेन्सरवाला. आजच्या फोनसमोर हा आकडा काहीच नाही, पण माझ्याकडे बाबांची फिल्मच्या काळातली ५० एमएम एआय-एस (निकॉनची जुनी, हाताने फोकस करायची) लेन्स आहे आणि ती या बॉडीवर लावली की मीटरिंग, म्हणजे उजेड मोजणं, चालतं. त्याच काळातल्या डी४०, डी८० वर तीच लेन्स बसते पण मीटर गप्प. ती लेन्स बाबांनी हाताळलेली, तिच्या रिंगवर त्यांच्या बोटांनी झिजलेले आकडे आहेत, त्यामुळे ही बॉडी सोडायची नाही हे माझं पहिल्यापासून ठरलेलं.

तर झालं असं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, फ्लेमिंगो निघून जायच्या आधी एकदा म्हणून पहाटे हार्बर लोकलने मुंबईतल्या शिवडीला गेले. भरतीचं टायमिंग बघून गेले होते, पाणी चढायला लागलं की पक्षी चिखलातून किनाऱ्याकडे सरकत येतात आणि मागे अटल सेतू, तीच फ्रेम हवी होती. बरोबर तेव्हाच कार्ड भरलं. दुसरं कार्ड बॅगच्या बाजूच्या खिशात, डबीशिवाय, असंच टाकलेलं. घाईत काढलं, घातलं, नेहमीसारखं सरकत गेलं आणि शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला अडलं. मी अंगठ्याने दाबलं. बसलं! पण वरच्या छोट्या स्क्रीनवर सीएचए अशी अक्षरं, म्हणजे कार्डात गडबड असल्याची खूण, लुकलुकायला लागली. कार्ड काढून पुन्हा घातलं, तेच. आधीचं भरलेलं कार्ड घातलं, तेच. समोर शेकडो पक्षी आणि मी कॅमेऱ्याचं दार उघडझाप करत उभी. परत येताना गाडीत बॅग मांडीवर घेऊन बसले होते, काही सुचत नव्हतं.

घरी आल्यावर टॉर्च आणि भिंग घेऊन आत बघितलं. एसडी कार्डाला वर सपाट पट्ट्या असतात, सीएफचं उलटं आहे, कार्डाला भोकं असतात आणि पिना कॅमेऱ्याच्या आत उभ्या असतात, पंचवीस-पंचवीसच्या दोन ओळी, एकूण ५०, दोन पिनांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. सँडिस्कने १९९४ मध्ये आणलेली ही रचना आहे. माझ्या स्लॉटमध्ये टोकाची पहिली पिन सरळ, दुसरी तिच्या अंगावर पार आडवी पडलेली, तिसरी अर्धवट झुकलेली. मग कार्ड बघितलं तर दुसऱ्या भोकात रव्याच्या कणाएवढा वाळूचा दाणा घट्ट बसलेला. बॅगच्या त्या खिशात किती किनाऱ्यांची वाळू असेल कोण जाणे. म्हणजे पिनेला आत जायला जागाच नव्हती आणि मी वरून जोर दिला.

आता हे मला नंतर वाचून कळलं पण खूप कामाचं आहे. पहिली पिन ग्राउंड (म्हणजे शून्य व्होल्टची), दुसरी आणि तिसरी डेटाच्या. दुसरी पहिलीला टेकली म्हणजे डेटाची एक लाइन कायमची ग्राउंडला जोडली गेली, मग कॅमेऱ्याला कार्ड आहे हे कळतं पण त्याच्याशी धड बोलता येत नाही, म्हणून सीएचए. कार्ड आत आहे की नाही हे सांगणाऱ्या पिना वेगळ्या, २५ आणि २६ नंबरच्या, दोन ओळींच्या विरुद्ध टोकांना, म्हणजे कार्ड तिरकं बसलं तर दोन्ही एकदम लागत नाहीत. त्या गेल्या असत्या तर कार्ड घालूनही दोन आडव्या रेघांमध्ये ई दिसलं असतं, कार्ड नसताना दिसतं तसं. तेव्हा दुरुस्तीला जायच्या आधी स्क्रीनवर नेमकं काय येतंय ते लिहून घ्या, अर्धं निदान तिथेच होतं. आणि पिना वाकलेल्या दिसल्या तर आधी बॅटरी काढा, कारण १३ आणि ३८ नंबरला वीज येते, त्यांच्यावर दुसरी पिन पडलेली असेल तर नुकसान स्लॉटपुरतं राहणार नाही.

पिन सरळ करायचा घरगुती उपाय बऱ्याच जणांना माहीत असेल, ०.५ ची क्लच पेन्सिल घ्यायची, शिसं काढून टाकायचं आणि पुढची धातूची नळी पिनेवर सरकवून हळूच उभी करायची. तिसरी पिन अशी मस्त उभी राहिली. दुसरी मात्र मुळापासून वाकली होती, नळी घालायला आधी सुईने थोडी उचलावी लागली, मग नळी बसली, अर्ध्यापर्यंत आली, आणि मला वाटलं अजून जराशी. हाताला काही म्हणजे काही जाणवलं नाही, नळी वर घेतली तर पिन नळीतच आलेली. पेन्सिल कागदावर उलटी केली तेव्हा तो चिमुकला सोनेरी तुकडा खाली पडला. त्या रात्री जेवले नाही मी.

पुढचे दोन आठवडे फोर्टातल्या फेऱ्या. ऑफिस सुटलं की सीएसएमटीला उतरून बोरा बाजार. एकाने बघितलंच नाही, जुना आहे म्हणाला. एकाने सांगितलं आख्खा बोर्ड बदलावा लागेल, म्हणजे सेकंडहँड बॉडीच्या किमतीपेक्षा जास्त. तिसऱ्या ठिकाणी, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना चढून गेलं की एक काका बसतात, टेबलावर मायक्रोस्कोप. त्यांनी कॅमेरा त्याच्याखाली धरला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ताई, स्लॉट चांगला आहे. एक पिन गेलीय ना, एकच पिन घालू. सीएफचा जुना रीडर आणा कुठला तरी."

मला हे सुचलंच नव्हतं. मी नवा कनेक्टर शोधत होते, लॅमिंग्टन रोडला एक मिळालाही होता, पण त्याचे बोर्डावर बसायचे पाय वेगळे, सोल्डरच होणार नाही. पण पिनेच्या जागा सगळ्या सीएफमध्ये सारख्याच, कार्ड कॉम्प्युटरला जोडायच्या रीडरमध्येही. त्याच गल्लीत एका दुकानात धूळ खात पडलेला रीडर अडीचशेला मिळाला.

काकांनी मला शनिवारी समोर बसवून काम केलं, त्याबद्दल त्यांचे किती आभार मानू. आधी त्यांनी फ्लॅशचा कपॅसिटर डिस्चार्ज केला. हे ऐका, ज्या बॉडीत पॉपअप फ्लॅश आहे तिच्या आत बॅटरी काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात आहे म्हणून घरी उघडायला जाऊ नका. मग कव्हर, रिबन केबली, बोर्ड, आणि प्रत्येक स्क्रू एका कागदावर काढलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रावर जिथला तिथे. स्लॉटच्या मागे प्रत्येक पिनेची शेपटी बोर्डाला सोल्डर असते. दुसऱ्या नंबरची शेपटी गरम केली, चिमट्याने मागून ओढली, उरलेला तुकडा अलगद बाहेर आला. रीडरमधूनही त्यांनी मोजून दुसऱ्याच नंबरची पिन काढली. मी विचारलं कुठलीही का नाही, तर म्हणाले सगळ्या एका उंचीच्या नसतात. वीज आणि ग्राउंडच्या पिना लांब, त्या कार्डाला आधी लागतात, डेटाच्या त्यापेक्षा आखूड आणि कार्ड ओळखणाऱ्या सगळ्यात आखूड, म्हणजे कार्ड पूर्ण बसल्याशिवाय कॅमेरा त्याला हात लावत नाही. नवी पिन मागून सरकवली, शेपटी थोडी लांब होती ती छाटली, सोल्डर केली. मग मल्टिमीटर लावून पहिली आणि दुसरी एकमेकींना लागत नाहीत ना ते बघितलं. मायक्रोस्कोपमधून मला दाखवलं, पन्नासच्या पन्नास उभ्या, एक किंचित जास्त चकचकीत. मजुरी १,८०० घेतली.

बाहेर धो धो पाऊस, कॅमेरा दोन पिशव्यांत सिलिका जेल घालून घरी आणला.

टेस्टिंग मुद्दाम सांगते. कार्ड ओळखलं म्हणजे झालं असं समजू नका, डेटाची लाइन कच्ची असेल तर फोटो निघतो आणि फाइल मधूनच फाटलेली असते. मी ४ जीबीचं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं आणि अनकॉम्प्रेस्ड रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा तसाच ठेवणाऱ्या फाइली) काढत राहिले, एक फाइल साधारण १६ एमबी, म्हणजे अडीचशेच्या आसपास. खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची निळी ताडपत्री, आईची भाजी निवडतानाची बोटं, काहीही. मग सगळ्या शंभर टक्क्यांवर उघडून बघितल्या. आई तिसऱ्यांदा जेवायला हाक मारेपर्यंत हेच चाललं होतं.

आता माझ्या सवयी बदलल्यात. कार्ड शक्यतो कॅमेऱ्यातच, फोटो यूएसबीने काढते, हळू आहे पण असू दे, फक्त बॅटरी फुल लागते. बाहेर जाताना दुसरं कार्ड प्लास्टिकच्या डबीत, आणि घालायच्या आधी भोकांची बाजू उजेडात धरून बघायची. अडलं की थांबायचं आणि बाहेर काढायचं. ते वाळूवालं कार्ड सुईने साफ केलं आणि चालतंय बहुतेक, पण या बॉडीत ते परत घालणार नाही.

रीडरमध्ये ४९ पिना शिल्लक आहेत. तो मी काकांकडेच ठेवून आले, दुसऱ्या कुणाची पिन गेली तर लागेल म्हणून. फोर्टातली ती जागा कुणाला हवी असेल तर मला विचारा, त्यांची परवानगी घेऊन सांगते.