स्विचचा दिवस सोपा होता, परतीचा तक्ता नव्हता

25 एप्रिल 2016, सोमवार. त्या दिवशी देशभर तोंडावाटे द्यायची जुनी ट्रायव्हॅलंट, म्हणजे पोलिओच्या तिन्ही प्रकारांवरची लस बंद झाली आणि बायव्हॅलंट, म्हणजे दोनच प्रकारांवरची सुरू झाली. खात्यात याला सगळे 'स्विच'च म्हणायचे. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्याला औषध निर्माण अधिकारी होतो. म्हणजे लससाठ्याची चावी, साठा नोंदवही आणि आयएलआरचं, म्हणजे लसीच्या खास फ्रीजचं, दिवसातून दोनदा लिहायचं तापमान, सगळं माझ्या गळ्यात.

आधी हे का करायचं होतं ते सांगतो, कारण तेव्हा खुद्द आमच्यातले अर्धे लोक विचारत होते, "चालू लस बंद कशाला?" पोलिओ विषाणूचे तीन प्रकार. त्यातला नैसर्गिक टाइप 2 जगात शेवटचा सापडला 1999 मध्ये, उत्तर प्रदेशात अलीगढला. सप्टेंबर 2015 मध्ये तो संपल्याचं जाहीर झालं. पण आपण पाजत असलेल्या लसीत तो जिवंत, कमजोर रूपात होताच. तो बाळाच्या शौचातून बाहेर पडतो, आणि जिथे लसीकरण कमी तिथे फिरत फिरत पुन्हा ताकद धरू शकतो. म्हणून टाइप 2 वगळून फक्त 1 आणि 3 ची लस ठेवायची. हे सगळ्या देशांनी एकदमच करावं लागतं. एकाने थांबवलं आणि शेजाऱ्याने चालू ठेवलं, तर शेजाऱ्याकडचा लसीतला विषाणू इकडच्या टाइप 2 ची प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांत शिरणार. म्हणून 155 देश आणि प्रदेशांनी 17 एप्रिल ते 1 मे या दोन आठवड्यांतच ही अदलाबदल उरकायची, असं ठरलं होतं.

प्रशिक्षण झालं, नवी लस वेळेवर आली, सिस्टर आणि आशाताईंना समजावून झालं. बायव्हॅलंट आम्हाला नवी नव्हतीच, 2010 पासून मोहिमांत पाजत होतो. त्यातच महाराष्ट्रात इंजेक्शनची पोलिओ लसही सुरू होत होती, 0.1 मिलिलीटर, कातडीत. सहा आणि चौदा आठवड्यांच्या बाळाच्या दंडावर ती बरोबर फुगवटा येईल अशी टोचायची, म्हणून सिस्टरांचं सगळं लक्ष तिकडे. 25 तारखेला सकाळी आयएलआर उघडला, जुन्या कुप्या काढल्या, पिशवीत घातल्या, लाल पेनाने 'वापरू नये' लिहिलं. अर्ध्या तासाचं काम.

खरी गंमत पुढे. जुनी लस फक्त सरकारी फ्रीजमध्ये नव्हती. तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ होते, दोन-तीन नर्सिंग होम होती, औषध दुकानं होती. त्यांनी लस बाजारातून विकत घेतलेली. तीही काढून घ्या, असं वरून स्पष्ट सांगितलेलं. मी मोटारसायकलला व्हॅक्सिन कॅरिअर बांधून दारोदार फिरलो. डॉक्टर मंडळी बहुतेक समजूतदार. एका दवाखान्यात मात्र फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, उघडी कुपी निघाली. कंपाउंडर म्हणाला, "अहो, थोडीच उरलीय, राहू द्या की."

ती थोडीच तर घ्यायची होती!

आता जिल्ह्याला जमा करायचा तक्ता बघा. रकाने असे: मिळालेले डोस, वापरलेले डोस, वाया गेलेले डोस, शिल्लक, परत. बेरीज जुळलीच पाहिजे. माझ्या स्वतःच्या साठ्याची जुळली. पण खासगीवाल्यांच्या कुप्या मला कधी मिळाल्याच नव्हत्या. त्या कुठल्या रकान्यात लिहायच्या?

जमा करून घेणाऱ्या भाऊसाहेबांनी तक्ता बघितला, चष्मा वर केला.

"मिळालेल्यात नाही, मग परत कुठून करताय?"

"बाजारातून घेतलेली आहे, साहेब. डॉक्टरांकडून गोळा केली."

"मग ती आमची नाही. निरंक लिहा आणि तुमच्या कुप्या तेवढ्या द्या."

"आणि या?"

"त्या तुमचं तुम्ही बघा."

निरंक! म्हणजे कागदावर तालुक्यात जुनी लस शिल्लक नाही, आणि माझ्या हातात कुप्यांनी भरलेली पिशवी. भाऊसाहेबांचीही चूक म्हणता येणार नाही. त्यांच्या तक्त्यात बाजार नावाची गोष्टच नव्हती. ज्यांनी तक्ता केला त्यांनी एकदा तालुक्याच्या गावातून चक्कर मारली असती तर एक रकाना वाढला असता. जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनीव्हापासून दिल्लीपर्यंत सगळा कारभार आखीव, आणि गाडी अडते कुठे, तर एका रकान्यापाशी.

कोणी म्हणालं, उकळून टाका. अर्धा तास उकळलं की विषाणू मरतो, हे खरं. पण नष्ट केल्याचा कागद कोण देणार? शिवाय त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. आमच्या दवाखान्यात टँकर आठवड्यातून ठरलेल्या वारी यायचा आणि प्रसूतीच्या खोलीला पाणी पुरवताना दमछाक व्हायची. तिथे काचेच्या कुप्या उकळत कोण बसणार?

मी परत आलो, पुन्हा गेलो, पुन्हा तेच उत्तर. दरम्यान 9 मे जवळ येत होता. त्या दिवशी देशाने जुनी लस कुठे उरली नसल्याची पडताळणी झाल्याचं जाहीर करायचं होतं, आणि त्याआधी निरीक्षक येऊन फ्रीज उघडून बघणार होते. पिशवी आयएलआरमध्ये ठेवता येईना, कारण तिथे जुनी लस सापडली तर पूर्ण तालुका नापास. बाहेर कपाटात कुलूप लावून ठेवली.

शेवटी वाट दाखवली ती पोलिओ सर्वेक्षणाच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी. म्हणाल्या, "तक्त्याला हात लावू नका, जोडपत्र करा." मग मी साध्या कागदावर 'खासगी संस्थांकडून संकलित' असा मथळा घातला. दवाखाना, बॅच क्रमांक, बंद कुप्या, उघड्या कुप्या असे रकाने आखले, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची सही-शिक्का घेतला, जावक क्रमांक टाकला. मूळ तक्त्यात निरंक नाही, 'जोडपत्र पाहावे' असं लिहिलं. भाऊसाहेबांनी जावक क्रमांक बघितला आणि शांतपणे आवक शिक्का मारला. कागदाला नंबर मिळाला की लसही खरी होते, असा आपला कारभार!

निरीक्षक आले तेव्हा त्यांनी आयएलआरमधली एकेक कुपी हातात घेऊन लेबल वाचलं. हे सांगतोय कारण पुढे कुठलीही लस मागे घ्यायची वेळ आली, तर नुसतं खोकं बघून समाधान मानू नका. मोहिमेनंतर उपकेंद्रावर खुंटीला अडकवलेले कॅरिअर उघडून बघा. डीप फ्रीझरमध्ये आईस पॅकच्या खाली हात घाला. उघड्या कुप्या वेगळ्या मोजा, आणि डोस व कुप्या दोन्ही लिहा. एका कुपीत वीस डोस, वर बसलेला माणूस नेमकं तुम्ही न लिहिलेलंच विचारतो.

2018 मध्ये गाझियाबादच्या एका उत्पादकाच्या बायव्हॅलंट लसीत टाइप 2 सापडल्याची बातमी आली, आणि ती लस महाराष्ट्रातही गेली होती. तेव्हा सगळीकडे बॅच क्रमांक शोधायची पळापळ झाली. आमच्या तालुक्याची नोंदवही पाच मिनिटांत समोर होती, याचं मला आजही बरं वाटतं.

आणि हो, खासगी दवाखान्याला कुप्या घेतल्याची पावती द्या आणि कार्बन प्रत जपा. एका डॉक्टरसाहेबांनी दोन वर्षांनी मला फोन करून त्या कुप्यांचे पैसे मागितले. मी त्यांना पावतीची झेरॉक्स पाठवली. पैशांचं काय करायचं, ते कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.