सम-विषम, आठवडा ५: देवळाली नंबर आणि ११९ चा घोळ

मागच्या वेळी लिहिलं होतं की विषम अधिक विषम बरोबर सम हे जमलं. ते मागे घेतो, जमलं नव्हतं. मी दोन्ही विषम संख्यांना २क + १ च (क म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या) लिहिलं होतं, बेरीज ४क + २, दोन बाहेर काढला, झाली सम, खाली दोन रेघा मारून झोपलो. रविवारी भाची आली होती, आठवीत आहे, तिने वही चाळली आणि म्हणाली, "मामा, ३ आणि ५ टाकून बघ ना. ८ येतात. तुझ्या ४क + २ मधून ८ कसे काढशील?" झालं. दोन्हीकडे एकच क म्हणजे मी फक्त ३+३, ५+५ असल्याच बेरजा सिद्ध करून बसलो होतो. आता एकाला २क + १, दुसऱ्याला २म + १, बेरीज २(क + म + १). एवढंच, पण त्यासाठी तीन आठवडे चुकीची वही छातीशी धरून फिरलो.

विषम गुणिले विषम मात्र एका झटक्यात आलं, २(२कम + क + म) + १, म्हणजे विषमच. युक्लिडच्या (जुना ग्रीक गणिती) 'एलिमेंट्स'च्या नवव्या पुस्तकात सम-विषमाची विधानं २१ पासून ३४ पर्यंत ओळीने लावलीयेत, त्यात हे २९ वं. मला वाटलं होतं हे नुसतं लिहून ठेवायचं असतं, पुढे कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

तर आता खरी गोष्ट. आपले कापरेकर सर, १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवायचे, ६१७४ वाले (चार अंकांची संख्या, अंक उतरत्या-चढत्या क्रमाने मांडून वजा करत गेलं की शेवटी जिथे पोचते तो आकडा), हे सगळ्यांना माहितीये. पण त्यांनी देवळालीच्या नावाने नंबर काढलेत हे मला नाशिकरोडला इतकी वर्षं राहून आत्ता कळलं (घरापासून रिक्षाच्या अंतरावर आणि आपल्याला पत्ता नाही). कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा. १२ + १ + २ = १५, म्हणजे १५ चा बाप १२. ज्याला असा बापच सापडत नाही तो देवळाली नंबर, स्वयंभू. काहींना दोन बाप असतात, १०१ ला ९१ पण आणि १०० पण, त्यात आपण नको पडूया.

पहिले पाच आहेत १, ३, ५, ७, ९. मग एकदम २०. का? मी सरळ मांडून बघितलं. दशकाचा अंक द, एककाचा ए, संख्या १०द + ए, त्यात द आणि ए मिळवले की ११द + २ए. इथे मी खुर्चीतून उठलो. २ए सम आहेच, ११ विषम, त्यामुळे बेरीज सम की विषम हे एकटा द ठरवतो (विषम गुणिले विषम कामाला आलं ते इथे). आता २० हवेत. द = १ घेतला तर बेरीज विषम, बाद. द = ० घेतला तर ए = १०, असा अंकच नाही. द = २ घेतला की २२, पुढे गेलं. संपलं, २० ला बाप नाही! चौथीतल्या पोराला पटेल असं आहे हे.

मग ११ ची ढांग टाकत गेलो. ३१, ४२, ५३, दर वेळी तेच, एक द सम-विषमात बाद, दुसऱ्याला ए = १० लागतो. ९७ पर्यंत सुटलो, १०८ पण बसला, आणि मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं की ११-११ ने कायम असंच चालणार. दुसऱ्या दिवशी सातपूरला सेकंड शिफ्टच्या चहाला सहज ११९ केला. १०९ + १ + ० + ९ = ११९. आला की बाप. चहा तसाच राहिला.

चूक कुठे ती घरी आल्यावर सापडली, मी द आणि ए धरून चाललो होतो, शंभर ओलांडल्यावर तिसरा अंक येतो हे विसरलोच. १०० ते १०९ मधून १०१ + २ए निघतं, ते नेहमी विषम. १०८ वाचला तो केवळ सम म्हणून, माझ्या सिद्धतेमुळे नाही. ११९ विषम, तो सापडला.

शतकाचा अंक श धरला की १०१श + ११द + २ए, म्हणजे आता सम-विषम श + द वरून ठरतं. त्याने ११०, १२१, १३२ हाताने तपासले, तिघांनाही बाप नाही, आणि ढांग परत ११ चीच. पण या वेळी कायम वगैरे लिहिलं नाही, कारण २०९ + २ + ० + ९ = २२०, तिथे परत मोडणार हे आधीच बघून ठेवलंय. मधले १४३ ते २०९ राहिलेत, भाची दिवाळीला येईपर्यंत उरकायचेत.