सुतारमामांचे १६,००० रुपये

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या सीएंच्या ऑफिसातून मी सिनेमाच्या हिशेबात आले आणि सात वर्षांत स्टुडिओच्या फायनान्सची जबाबदारी माझ्याकडे आली. बजेट, व्हाउचर, जीएसटी सगळं निभावलं. अडले ती एका पॅन कार्डापाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मोरेवाडीच्या चित्रनगरीत आमचा वाड्याचा सेट होता. सुतारमामांचं बिल ८०,००० रुपयांचं. टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापायचा आयकर, १ टक्का; ८०० कापायचे. पॅन तपासलं तर निष्क्रिय, आधारशी जोडलेलंच नाही! मग २० टक्क्यांनी १६,००० कापावे लागले. मामा एवढंच म्हणाले, "ताई, पोरीची फी भरायची हुती."

जोडायला गेलो तर जन्मतारीख जुळेना. पॅनवर १ जून, गुरुजींनी शाळेत घातलेली. आधारवर १ जानेवारी. दुरुस्तीला ओटीपी हवा, आणि आधारला दिलेलं सिमकार्ड कधीच हरवलेलं. नवा नंबर लावायला आधार केंद्रात गेलो. टोकन घेऊन दोन तास बसलो, मग मामांचा अंगठा मशीनवर. लागेना. दहाही बोटं पुसून पुसून ठेवली. तीस वर्षं रंधा मारलेल्या हाताला रेषा राहणार कुठून? "लागत नाही, नंतर या." असं तीनदा. तीनदा मामांचा रोज बुडाला, त्याचं मशीनवरच्या माणसाला काही नव्हतं. चौथ्या खेपेला त्याच्या खुर्चीत एक मुलगी होती. तिनं ड्रॉवरमधून डोळे स्कॅन करायचं यंत्र काढलं. "काका, डोळे मोठे करा." दोन मिनिटांत काम झालं. ते यंत्र पहिल्या दिवसापासून तिथंच होतं! बोटं झिजलेली असतील तर "डोळ्यांवरून घ्या" असं आपणच ठणकावून सांगा.

पुढं तारीख दुरुस्त झाली, १,००० रुपये दंड भरून पॅन जोडलं, जादा कापलेले पैसे परत मिळावेत म्हणून मामांचं रिटर्न मीच भरलं. हे अकाउंट्सवाल्यांचं काम नाही, असं आमच्यातलेच म्हणाले. मला पटत नाही. १९२९ साली याच गावात 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा सराफ सीतारामपंत कुलकर्णी पैसा घालून भागीदार झाले होते. पैसा सांभाळणारा माणूस इथं कधी परका नव्हता.

आता पहिला खिळा ठोकायच्या आधी मी प्रत्येकाचं पॅन तपासते. वर्षात ५०,००० च्या वर ज्याला दिले त्याची माहिती निर्मात्याला आयकर खात्याला द्यावी लागतेच, त्यासाठीची यादीही तेव्हाच तयार होते.

परवा मामांचा फोन आला. "ताई, पैसं आलं." पाठोपाठ पासबुकाचा फोटो.