सुखदुःखाची वही

माझ्या टेबलावर दोन वह्या असतात. एक अर्जांची. गटार तुंबलंय, खांबावरचा दिवा लागत नाही, रेशनकार्डातून नाव गळलंय, पोराला वसतिगृहात जागा मिळेना, दवाखान्याचं बिल कमी करून द्या... जे येईल ते तारखेनिशी तिच्यात लिहायचं. दुसरी वही कार्यक्रमांची. साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, बारसं, जावळ, वास्तुशांत, एकसष्टी. आणि माती, रक्षाविसर्जन, उत्तरकार्य. तिला आम्ही सुखदुःखाची वही म्हणतो. मी सांगलीत एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात काम करते. २०२१ च्या जुलैत मला तिथं नऊ वर्षं झाली होती.

या दुसऱ्या वहीबद्दल मला फारशी आस्था नव्हती. अर्जाच्या वहीतून निदान काहीतरी उभं राहतं. एखाद्या गल्लीला समाजमंदिर हवं असेल तर साहेबांच्या सहीचं शिफारसपत्र जिल्हा नियोजन कार्यालयात जातं, काम करणारी यंत्रणा अंदाजपत्रक काढते, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता होते, मग निविदा. लोकांना वाटतं आमदार निधी साहेबांच्या कपाटात असतो. आमच्या हाताला त्यातला रुपयाही लागत नाही, आमच्या हातात असतं ते पत्र आणि पाठपुरावा. तरी वर्ष-दीड वर्षानं का होईना, भिंती उभ्या राहिलेल्या डोळ्यांना दिसतात. कार्यक्रमांचं तसं नाही. लग्नसराईत एका संध्याकाळी अकरा-अकरा ठिकाणी जायचं, अक्षता टाकायच्या, पेढा खायचा, निघायचं. "लग्नं कसली फिरताय, रस्ते करा की," असं लोक तोंडावर म्हणायचे आणि मला ते मनातून पटायचं.

साहेबांचा नियम मात्र ठरलेला होता. लग्नाला उशीर झाला तर चालेल, मातीला उशीर चालणार नाही.

कोरोना आला आणि त्या वहीचं रूपच पालटलं. लग्नं मोजक्या माणसांत, मातीला वीसच माणसं. साहेबांना सगळीकडे जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी मला सांगितलं, "ताई, आपण जाऊ शकत नाही तर निदान फोन करा. आणि नुसतं अभिनंदन करून ठेवू नका, घरात कोण कसं आहे ते विचारा." मी विचारायचे आणि समासात पेन्सिलीनं लिहायचे. 'सासऱ्यांना अर्धांग, झोपून.' 'सून सातव्या महिन्यात.' 'मुलगा पुण्याला, आई एकटी.' एप्रिल-मे तर इतका वाईट गेला की एकेका पानावर मातीच्याच नोंदी आहेत. लिहिण्यामागे काही योजना नव्हती. पुढच्या फोनला तेच परत विचारून कुणाला दुखवू नये, एवढंच मनात होतं.

जुलैतल्या त्या आठवड्यात मंगळवारी आषाढी झाली, बुधवारी बकरी ईद. बुधवारपासून जो पाऊस लागला तो हटेचना. शुक्रवारी, २३ तारखेला सकाळी बातमी आली की महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सांगलीच्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वर पडलेलं सगळं कोयनेतून आणि कृष्णेतून कराडच्या संगमावर येतं, तिथून आमच्याकडे. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. तीही भरून आली असेल तर कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगतं आणि गल्लीत शिरतं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ला धोका. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना खुशाली विचारत नाहीत, "किती फूट?" विचारतात.

तरी सकाळी कार्यालयात नेहमीचे लोक आलेच. एक आजी भिजलेल्या पिशवीतून कागद काढून बसल्या होत्या. संजय गांधी निराधार योजनेचे तेव्हा महिन्याला मिळणारे हजार रुपये, आणि त्यासाठी वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला. महिन्याला पावणेदोन हजारांत कोण जगतं, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. त्यांचा अर्ज लिहून देत होते तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"ताई, नदीकाठच्या गल्ल्या आत्ताच हलवायच्या. पण आधी कुणाला काढायचं? झोपून असलेले, बाळंतिणी, एकटी म्हातारी माणसं. दुपारपर्यंत मला यादी पाहिजे."

मी मतदारयादी काढली. घर क्रमांक आहे, नाव आहे, वय आहे. वय ७८ दिसतं, पण ती आजी नळाला हंडा घेऊन उभी राहते की अंथरुणाला खिळलीय, ते यादी कशी सांगणार? तान्ही बाळं तर तिच्यात नसतातच. वीसेक मिनिटं मी त्या यादीवर रेघा मारत बसले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, कारण २०१९ मी पाहिलं होतं. त्या वर्षी लोक घरातून निघाले नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात २००५ ची खूण होती. तेव्हा पाणी ५३ फुटांवर थांबलं होतं, मग आताही तिथंच थांबेल, असा हिशेब. पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. माळ्यावर अडकलेल्या माणसांचे फोन मी घेतलेत. "ताई, बोट कधी येतीया?" याला माझ्याकडे उत्तर नसायचं.

मग शनिवारच्या गुरुपौर्णिमेचे दोन कार्यक्रम रद्द झाल्याचं लिहायला मी दुसरी वही उघडली आणि समासातली पेन्सिल दिसली.

मार्चमधलं डोहाळजेवण, सातवा महिना. म्हणजे बाळ आता दीड-दोन महिन्यांचं. जूनच्या शेवटी एक बारसं, तेही लेकरू अजून दोन महिन्यांचं नाही. पंच्याहत्तरीचा सत्कार, 'गुडघे गेलेत, जिना उतरत नाहीत.' मे महिन्यातली माती, मागे बायको एकटी, लेक बेळगावला. मी मागे मागे जात राहिले. दीड वर्षाची वही, ओळ न् ओळ. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोडची कडेची घरं असं वेगवेगळं करत गेले. एक वाजता माझ्यासमोर एकेचाळीस घरं होती आणि प्रत्येकापुढं फोन नंबर होता. त्या नंबरांवर मी कधी ना कधी बोलले होते. फोन लावला की पलीकडून, "बोला की ताई," एवढंच यायचं. ओळख द्यावी लागत नव्हती आणि काय चाललंय ते पहिल्यापासून सांगावंही लागत नव्हतं.

गणेश मंडळाची पोरं टेम्पो घेऊन आली. वर्गणीवरून ज्यांच्याशी माझे दोनदा खटके उडाले होते तीच पोरं. एकानं दोन खुर्च्या आणि कासरा बरोबर घेतला होता. खुर्चीत बसवून, पोटाला कासरा बांधून माणूस जिन्यावरून कसा खाली आणायचा, हे ते २०१९ ला शिकले होते. आम्ही उंचावरच्या एका शाळेत माणसं नेऊन ठेवायला सुरुवात केली.

सगळी सहजी निघाली नाहीत. एका आजोबांच्या दारात दोन म्हशी. "मी शाळंत जाईन, पन म्हशी कुटं जातील? त्यास्नी कोन वर्गात घील?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या म्हशींवर त्यांचं घर चालत होतं. २०१९ ला त्यांनी एक रेडकू गमावलं होतं आणि ते सांगताना अजून त्यांचा आवाज बसत होता. विश्रामबागेकडच्या एका ओळखीच्या शेडची सोय होईपर्यंत पाऊण तास गेला. म्हशी पुढं चालत निघाल्या, तेव्हा आजोबा टेम्पोत चढले.

अवघड झालं ते एका जोडप्याचं. दोघंही कोरोनाबाधित, घरातच विलगीकरणात. त्यांना शाळेत न्यायचं तर बाकीचे घाबरणार, नाही न्यायचं तर पाण्यात ठेवायचं का? टेम्पोवाला मागे सरला. त्याच्या घरी म्हातारी आई होती, मी त्याला दोष देणार नाही. शेवटी मंडळातला एक पोरगा रेनकोट, हातमोजे आणि दुहेरी मास्क घालून स्वतः चालवायला बसला. शाळेत मागच्या अंगाचा एक वर्ग वेगळा काढला, त्याला स्वतंत्र स्वच्छतागृह होतं. आरोग्यसेविका बाकीच्यांच्या चाचण्या करत बसल्या होत्या. त्या बायका सकाळपासून चहावर होत्या, आणि अशा दिवसांची आठवण निघते तेव्हा त्यांचं नाव कुणी घेत नाही म्हणून मी मुद्दाम लिहिते आहे.

संध्याकाळपर्यंत नदीनं ४० फूट मागं टाकले होते. साडेसातला एकेचाळिसाव्या घरापुढं मी खूण केली आणि साहेबांना फोन केला, "सगळी निघाली." खूप वर्षांनी एखादं काम पुरं झाल्यासारखं वाटलं.

साडेनऊला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा फोन आला. "ताई, वखारीमागच्या खोलीतली माणसं काढली का?"

कुठली खोली? कुठली माणसं? मी वही उघडली, वह्या दोन्ही उघडल्या. त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. बारसं नाही, लग्न नाही, मयत नाही, गटाराची तक्रारसुद्धा नाही.

दोन पोरांना घेऊन मी गेले. त्या बोळातली वीज बंद केली होती. पाणी गुडघ्याला लागत होतं आणि थंडगार होतं. पत्र्याची खोली, बाहेरून लाकडांचा ढीग, दार कळतही नव्हतं. बॅटरीच्या उजेडात आत कॉटवर एक बाई उभी आणि तिच्या दोन बाजूंना दोन पोरं, धाकटं तीनेक वर्षांचं. मी मराठीत ओरडून सांगितलं, "पाणी वाढतंय, चला." ती नुसती मान हलवत राहिली. मग तिच्या तोंडून शब्द आले आणि मला कळलं की ती कन्नड बोलते आहे.

माझी आजी जतची. घरात निम्मं कन्नड असायचं. आजी गेल्यापासून ते माझ्या तोंडात आलं नव्हतं. "नीरु बरतैति, बन्नी अक्का," मी म्हटलं. पाणी येतंय, चला अक्का. तेवढंच मला येत होतं आणि ते मी तीन-चारदा म्हटलं.

तिची अडचण पाण्याची नव्हती. नवरा हळदीच्या गोदामात हमालीला गेलेला, रात्री उशिरा येतो. त्याच्याकडे फोन होता, पण लागत नव्हता. ती निघून गेली आणि तो परत आला तर? अंधारात रिकाम्या, पाण्यानं भरलेल्या खोलीत तो काय समजेल? हे तिनं हातवाऱ्यांनी आणि मोडक्या मराठीत सांगितलं तेव्हा माझ्याबरोबरच्या पोरांपैकी एकजण मागे वळून चालू लागला. मला वाटलं, वैतागला. तो दुकानदाराकडे गेला होता. दुकानदार छत्री आणि बॅटरी घेऊन बोळाच्या तोंडाशी आला आणि तिला म्हणाला, "मी हितंच हाय. तो आल्याबिगर मी हलत न्हाई." ती त्याच्याकडून रोज पाव किलो साखर, अर्धा किलो तांदूळ नेत असणार. तिनं आमच्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि धाकटं पोर माझ्या हातात दिलं.

नवरा रात्री पावणेदोनला शाळेत पोचला. दुकानदारच त्याला घेऊन आला होता. तोवर दुकानदाराच्या स्वतःच्या दुकानात पाणी शिरलं होतं आणि खालच्या फळीवरची साखरेची पोती भिजली होती.

दोन दिवसांनी आयर्विनला पाणी ५४ फुटांच्या वर गेलं. वखारीमागच्या खोलीचा तेव्हा पत्राही दिसत नव्हता.

त्या रात्री शाळेच्या पायरीवर बसून मी जो विचार करत होते तो आजही माझ्या डोक्यातून गेलेला नाही. माझ्या वहीत यायला माणसाकडे काहीतरी असावं लागत होतं. बारसं करायला चार पाहुणे, पत्रिका छापायला पैसे, निदान तक्रार करायची हिंमत. ज्या बाईचं मत तिकडे विजापूरच्या बाजूला, रेशनकार्ड तिकडे, नातलग तिकडे, ती आम्हाला कशाला बोलावेल? मीही तिला नऊ वर्षांत शोधायला गेले नव्हते. दुकानदाराच्या उधारीच्या चोपडीत ती होती, माझ्याकडे नव्हती.

ऑगस्टमध्ये गल्ल्यांतला चिखल निघाल्यावर मी तिसरी वही केली. भाड्याच्या खोल्या, वखारीमागच्या, गोठ्यावरच्या, बांधकामावरच्या. किराणा दुकानदार, दूधवाले आणि पाण्याच्या जारवाला पोरगा यांना विचारत फिरले, कारण कुठल्या दारामागे कोण राहतं हे त्यांनाच माहीत असतं. साहेबांनी विचारलं, यात कार्यक्रम कुठला? मी म्हटलं, कुठलाच नाही. ते म्हणाले, असू द्या, भरा.

ही वही भरणं फार जड जातं. दारात वही-पेन घेऊन उभं राहिलं की लोकांना वाटतं, खोली खाली करायला लावणार. घरमालकांना वाटतं, कर वाढणार.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, मी वखारीमागे परत गेले. अक्काचं कुटुंब निघून गेलं होतं. कुपवाडकडे गेले म्हणे, नक्की कुणालाच सांगता आलं नाही. खोलीत दुसरी माणसं आली होती. बाईनं दार अर्धंच उघडलं आणि कशासाठी विचारता म्हणाली. मी आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. रंग दिलेला असूनही वरपर्यंत ओल उमटलेली दिसत होती. तिनं वळून भिंतीकडे बघितलं. मग आत गेली आणि एका वहीच्या फाटक्या कागदावर नवऱ्याचा नंबर लिहून घेऊन आली.