वेदर रेडिओ नुसता विकत घेऊन भागत नाही

गावात टोर्नेडोचे भोंगे आहेत, फोनवरही इशारा येतो, मग वेगळा रेडिओ कशाला, असं ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी आमच्या घरी येणारं प्रत्येक जण विचारतं. भोंगे बाहेर असलेल्या लोकांसाठी असतात. मध्यरात्री खिडक्या बंद, एसी चालू, छपरावर गारांचा मारा, अशा वेळी भोंग्याचा आवाज कानावर पडेलच असं नाही. फोनचं म्हणाल तर वादळात टॉवरच बंद पडू शकतो. नोआ म्हणजे अमेरिकेची सरकारी सागर आणि हवामान संस्था; तिच्या वेदर रेडिओला इंटरनेट लागत नाही की मोबाइल नेटवर्क. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झमधल्या सात फ्रिक्वेन्सींवर राष्ट्रीय हवामान सेवेचं प्रसारण चोवीस तास चालू असतं. ओक्लाहोमासारख्या राज्यात हा रेडिओ स्मोक अलार्मइतकाच गरजेचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

रेडिओ आणला, प्लग लावला, ओक्लाहोमा सिटीचं स्टेशन १६२.४०० वर स्वच्छ लागलं. खरं काम त्यानंतरचं. एका ट्रान्समीटरच्या टप्प्यात कितीतरी काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, येतात. आपली काउंटी सांगितली नाही, तर लांबच्या पुराच्या इशाऱ्यालाही रेडिओ रात्री-अपरात्री किंचाळतो. मग लोक वैतागून प्लग काढून ठेवतात, आणि नेमक्या त्या रात्री तो मुका असतो. म्हणून रेडिओत आपल्या काउंटीचा आकडा, म्हणजे 'सेम' (SAME) कोड, भरायचा. कोड सहा आकडी असतो: पहिला ० म्हणजे अख्खी काउंटी, पुढचे ४० म्हणजे ओक्लाहोमा, शेवटचे ०२७ म्हणजे आमची क्लीव्हलँड काउंटी. ०४००२७.

मी शेजारच्या मॅक्लेन काउंटीचा ०४००८७ हा कोडही भरला. इकडची वादळं बहुतेक नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतात. २० मे २०१३ चा मूर गावचा ईएफ-५, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचा, टोर्नेडो मॅक्लेनमधल्या न्यूकॅसलजवळ जमिनीला टेकला आणि मग क्लीव्हलँडमध्ये मूरमध्ये घुसला. शेजारची काउंटी ऐकली की आपल्या हाताशी थोडी मिनिटं जास्त राहतात. माझ्या रेडिओत नको ते इशारे बंद करता येतात, त्यामुळे पुराचा आणि थंडरस्टॉर्मचा वॉच बंद केला. टोर्नेडोचा वॉच मात्र चालू ठेवला. वॉच म्हणजे तशी हवा जमतेय, वॉर्निंग म्हणजे टोर्नेडो कुणाला दिसलाय किंवा रडारवर सापडलाय. वॉच लागला की आम्ही बूट, हेल्मेट आणि आईच्या गोळ्या आतल्या कपाटाच्या खोलीत नेऊन ठेवतो.

जागा ठरवायला वेळ लागला. स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी नुसती खरखर यायची. बेडरूमच्या खिडकीपाशी अँटेना उभी केल्यावर आवाज सुधारला. वीज गेली तर रेडिओ चालावा म्हणून आत बॅटऱ्या आहेतच. त्या गळल्या नाहीत ना, हे वसंत सुरू व्हायच्या आधी उघडून बघते.

मागच्या मोसमात एका रात्री तो वाजला. आधी सांकेतिक संदेशाची कर्कश घरघर, मग १०५० हर्ट्‌झचा एकसुरी सूर, मग यंत्राच्या आवाजात मॅक्लेन काउंटीसाठी टोर्नेडो वॉर्निंग. मागोमाग गावांची नावं. आई विचारत होती, "कुठलं गाव म्हणाला गं? आपल्याकडे येतंय का?" ती इथे नवी, तिला न्यूकॅसल कुठे आणि ब्लँचार्ड कुठे, काय कळणार! आम्ही आत जाऊन बसलो. वादळ उत्तरेकडून निघून गेलं, आमच्याकडे फक्त पाऊस झाला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही काउंट्यांचा नकाशा छापून रेडिओच्या वर भिंतीला लावला. आपलं घर लाल पेनाने, आजूबाजूची गावं मराठीत मोठ्या अक्षरांत. साधारणपणे बुधवारी साप्ताहिक चाचणीचा संदेश येतो, तेव्हा रेडिओ नीट घेतोय का हे आता आईच बघते. हवा बिघडलेली असली तर चाचणी पुढे ढकलतात, हेही तिला ठाऊक झालंय. तिला आवाज कमी ऐकू येतो, म्हणून पुढच्या मोसमाआधी पलंगाखाली ठेवायचा थरथरणारा पॅड या रेडिओला जोडून घेणार आहे.